खोल पाण्याच्या मागावर

1955 साल. इंग्लंडच्या सरे परगण्यातलं वर्मली नावाचं गाव. समुद्र इथून दिसत नाही, त्याची गाजही ऐकू येत नाही. तरी ब्रिटनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था इथेच आहे. तुम्ही कार्यशाळेचं दार ढकलता आणि नाकाला कॉस्टिक सोड्याचा वाफारा झोंबतो. एका लांबट कुंडात ॲल्युमिनियमचा पाइप बुडवून ठेवलाय, बांधकामाच्या परांचीला लावतात तसला, सुमारे तीन मीटर लांब. त्याच्या अंगावरून बारीक बुडबुड्यांच्या माळा सुटताहेत. सोडा धातू खातोय आणि हायड्रोजन वर येतोय. इथे काडी ओढू नका.

कुंडावर वाकलेले आहेत ते जॉन स्वॅलो, वय बत्तीस. ‘चॅलेंजर’ जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेत. त्या सफरीत ते समुद्राच्या तळाखालचे थर मोजत होते. आता त्यांना तळ आणि पृष्ठभाग यांच्या मधलं पाणी हवंय: ते कुठे जातं, किती वेगाने जातं. पाइप मुळात जाड आहे, नुसता सोडला तर थेट तळ गाठेल. म्हणून त्याची भिंत सोड्यात विरघळवून पातळ करायची, पण इतकीही नाही की खालच्या दाबाने ती चिरडून जाईल.

जरा थांबून हे समजून घ्या, कारण पुढचा सगळा प्रवास याच हिशोबावर उभा आहे. पाणी दाबलं जात नाही असं आपण शाळेत शिकतो. 4000 मीटर खाली, 400 वातावरणांच्या दाबाखाली, तेही सुमारे पावणेदोन टक्के आक्रसतं. खाली जावं तसतसं पाणी जड होत जातं. बंद तोंडाचा पाइपही दबतो, पण नीट बनवलेला असेल तर पाण्यापेक्षा कमी. त्यामुळे बुडता बुडता एक खोली अशी येते की पाइपाचं वजन आणि त्याने सारलेल्या पाण्याचं वजन सारखं होतं. तिथे तो थांबतो. वर येत नाही, आणखी खाली जात नाही. उरते ती आडवी वाट, आणि ती पाणी नेईल तिकडची.

आता मिठाच्या पाण्याच्या टाकीपाशी या. फ्लोट तयार झालाय: एकमेकांना बांधलेले दोन पाइप, एकात बॅटऱ्या आणि सर्किट, दुसरा नुसता पोकळ, तरंगण्यासाठी. निकेलचं एक वेटोळं ठरावीक वेळाने 10 किलोहर्ट्झचा ठोका पाण्यात सोडणार. टाकीत त्याचं वजन होतंय. 1000 मीटरवर थांबवायचा असेल, तर सुमारे दहा किलोचा हा फ्लोट पृष्ठभागावर पाण्यापेक्षा जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम जड हवा. एक ग्रॅम इकडेतिकडे झाला की मुक्कामाची खोली पंचवीसेक मीटरने सरकते. तुमच्या तळहातावर ठेवलेलं ते इवलंसं वजन अटलांटिकमध्ये एका इमारतीच्या उंचीइतका फरक पाडणार आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? जहाजावरून दोर सोडून वेगमापक लटकवता येतोच की. पण जहाज स्वतः वाहतं, झुलतं, दोराला हिसके देतं, आणि खोलवरचा संथ प्रवाह त्या हिसक्यांत बुडून जातो. शिवाय एका जागी धरून ठेवलेलं यंत्र समोरून काय गेलं तेवढंच सांगतं. पंढरीच्या वाटेवर कडेला उभं राहून दिंड्या मोजता येतात; एखादा वारकरी कुठून निघाला, कुठे रेंगाळला, कुणाच्या मागे वळला, हे कळायला त्याच्याबरोबर चालावं लागतं. स्वॅलोंचा पाइप पाण्याबरोबर चालतो.

दोन वर्षं पुढे. 1957चा वसंत, दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यापलीकडचा अटलांटिक, ‘डिस्कव्हरी टू’ जहाजाचा डेक. खाली निळंशार पाणी ईशान्येकडे धावतंय. हा गल्फ स्ट्रीम. कोमट, जोरकस, खलाशांना शतकानुशतकं ठाऊक असलेला. अमेरिकेतल्या वूड्स होलच्या संस्थेत हेन्री स्टॉमेल नावाचे संशोधक आहेत. त्यांच्या नावापुढे डॉक्टरेट नाही आणि आयुष्यभर ते ती घेणारही नाहीत. त्यांनी कागदावर गणित मांडून सांगितलंय की या प्रवाहाच्या पोटाखाली, खंडाच्या उताराला चिकटून, उत्तरेचं थंड पाणी उलट दिशेने दक्षिणेला जात असलं पाहिजे. आजवर ते कुणी पाहिलेलं नाही. सोबतीला ‘अटलांटिस’ जहाज आहे आणि त्यावर व्हॅल वर्थिंग्टन पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजताहेत.

फ्लोट पाण्यात गेला. आता तुमच्या वाट्याला येतं ते ऐकण्याचं काम. इंजिन बंद करायचं. पाण्यात दोन हायड्रोफोन सोडायचे, एक नाळेकडे, एक वरामाकडे. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर डोळे लावून बसायचं. प्रकाशाच्या रेषेवर एक काटा उठतो आणि लगेच दुसरा. दोन काट्यांमधलं अंतर म्हणजे ठोका एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पोचायला लागलेला वेळ. त्यावरून फ्लोटची दिशा निघते. मग इंजिन सुरू, जहाज दुसरीकडे न्यायचं, पुन्हा इंजिन बंद, पुन्हा दुसरी दिशा. दोन रेषा कागदावर छेदतात तिथे, तुमच्या पायांखाली अडीच-पावणेतीन किलोमीटरवर, तो पाइप आहे. जहाज स्वतः कुठे आहे हे कळायला नांगरून ठेवलेला एक बोया आहे, त्याच्याकडे रडार रोखलेलं. हे रात्री करायचं, पहाटे करायचं, वारा सुटला असताना करायचं. आणि दर वेळी आधीच्या खुणेपासून नवी खूण कुठे पडते ते बघायचं.

नवी खूण दक्षिणेला पडते. त्याच्या पुढचीही दक्षिणेला. 2500 ते 2800 मीटरवरचे फ्लोट सेकंदाला काही सेंटीमीटर या गतीने, काही तर दहाहून जास्त, गल्फ स्ट्रीमच्या उलट चाललेत. समुद्रविज्ञानात गणिताने आधी सांगितलेली गोष्ट अशी नंतर हाती लागण्याचे प्रसंग मोजकेच आहेत, आणि तुम्ही त्यातल्या एकाच्या वेळी पेन्सिल धरून उभे आहात.

पण मला तुम्हाला खरं न्यायचंय ते 1960मध्ये. कारण स्टॉमेल बरोबर ठरले त्यापेक्षा पुढे ते चुकीचे ठरले, त्यातून जास्त हाती आलं.

गणिताचा पुढचा भाग असा. ध्रुवांकडे थंड पाणी बुडतं, किनाऱ्यालगतच्या अरुंद वाटेने पसरतं, मग ते कुठेतरी वर आलं पाहिजे. स्टॉमेल आणि अर्नोल्ड ॲरन्स यांनी मांडलं की ते सगळ्या समुद्रभर अगदी हळूहळू वर येतं, आणि त्यामुळे महासागराच्या मध्यभागी खोल पाणी ध्रुवाच्या दिशेने सरकत असणार, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे दिवसाला 86 मीटर. हे तपासायचं तर फ्लोट सोडून महिनोन्महिने त्याच्या पाठी राहायला हवं, आणि मोठं जहाज इतके दिवस कोण देतो? म्हणून वूड्स होलची ‘एरीज’ निघाली: 93 फुटी, दोन डोलकाठ्यांची शिडाची बोट. तळ बर्म्युडाला. स्वॅलो आणि त्यांचे सहकारी जेम्स क्रीस इंग्लंडहून आलेत.

बेत सुटसुटीत होता. फ्लोट सोडायचा, त्याची जागा नोंदवायची, बर्म्युडाला परतून पाणी, भाज्या, डिझेल भरायचं, पुन्हा जायचं. दिवसाला 86 मीटर सरकणारी वस्तू दोन आठवड्यांत सव्वा किलोमीटर जाईल. हायड्रोफोनच्या टप्प्यातच राहील.

तुम्ही ‘एरीज’वर चढता ते हिवाळ्यात. सारगॅसो समुद्र नकाशावर शांत दिसतो. इथे 93 फुटांची बोट लाटेच्या माथ्यावर चढते आणि बाजूला कलंडत खाली येते. पेला टेबलावर राहत नाही. दिशा काढायला मात्र स्वस्थता हवी: बोट थांबवा, केबल सोडा, लाटांच्या खडखडाटातून ठोका वेचा. केबल अंगाला घासून ओल्या लोकरीला भोकं पडतात, मीठ बोटांच्या चिरांमध्ये जातं. पडद्यावर काटा उठला की सगळं विसरायला होतं.

पहिली खूण, दुसरी खूण. दोन्हींमधलं अंतर कागदावर मोजता आणि पुन्हा मोजता. यंत्रात बिघाड आहे असं वाटतं. बोयाचा नांगर सरकला असेल, कुणी दिशा उलटी वाचली असेल. तिसरी खूण तीच गोष्ट सांगते. फ्लोट सेकंदाला मिलिमीटरने चाललेला नाही. सेंटीमीटरने चाललाय, कधी पाच, कधी दहा. दहा म्हणजे दिवसाला साडेआठ किलोमीटरच्या वर. बर्म्युडाला जाऊन यावं तोवर तो ऐकण्याच्या टप्प्याबाहेर गेलेला असतो. दिशेचंही तेच. ध्रुवाकडे जायला हवा तो फ्लोट पश्चिमेला जातो. शेजारचा भलतीकडे. काही आठवड्यांनी त्याच भागात सोडलेला तिसरा आणखी तिसरीकडे. आणि 4000 मीटरवरचे फ्लोट 2000 मीटरवरच्यांपेक्षा संथ असायला हवेत, तर ते उलट जास्त वेगाने पळताहेत.

बेत मोडला. इथे मला स्वॅलोंबद्दल मनापासून आदर वाटतो. त्यांनी गणिताला शोभेल अशी दोन-चार मोजमापं निवडून बाकीची बाजूला टाकली नाहीत. पाठलागाची पद्धतच बदलली: लांबच्या फेऱ्या सोडून द्यायच्या, फ्लोट टप्प्यात आहे तोवर काही दिवस त्याला चिकटून राहायचं, मग नवा सोडायचा. ‘एरीज’ने 1960च्या उन्हाळ्यापर्यंत हे केलं. जी सरासरी शोधायला ते आले होते ती मिळाली नाहीच. पण जिथे मेणासारखं थिजलेलं पाणी असेल अशी सगळ्यांची समजूत होती, तिथे शंभरेक किलोमीटर पसाऱ्याचे भोवरे फिरत होते, आठवड्या-महिन्यांनी बदलणारे. वातावरणात वादळं आणि प्रतिवादळं असतात, तसं समुद्राच्या आतही हवामान आहे. महासागराच्या गतिज ऊर्जेचा मोठा वाटा या भोवऱ्यांत आहे, हे पुढे पक्कं झालं.

‘एरीज’ बर्म्युडाच्या परिसरात हे करत असतानाच, मार्च 1960मध्ये, त्याच बेटावर आणखी एक गोष्ट घडली. किनाऱ्यावरच्या हायड्रोफोन केंद्रात जा. ऑस्ट्रेलियात पर्थच्या किनाऱ्यापलीकडे, जवळपास 20,000 किलोमीटरवर, जहाजावरून पाण्यात स्फोट केलेत. पावणेचार तासांनी तो आवाज बर्म्युडाच्या कागदावर उमटतो. कारण खोलीबरोबर तापमान घटतं तसा आवाजाचा वेग कमी होतो आणि पुढे दाब वाढतो तसा तो पुन्हा वाढतो. मध्ये, हजारेक मीटरवर, सर्वांत कमी वेगाचा एक थर असतो. त्यात शिरलेला आवाज वर-खाली वळून पुन्हा त्याच थरात येतो आणि फार दूर जातो. ‘एरीज’वर तुम्ही दोन-चार किलोमीटरवरच्या ठोक्यासाठी हाडं खिळखिळी करून घेत होता, आणि त्याच बेटावर अर्ध्या पृथ्वीपलीकडचा आवाज ऐकू येत होता. या दोन गोष्टी एकत्र यायला आणखी काही वर्षं लागली.

मधल्या काळात एकदा आपल्या बाजूला येऊन जा. ऑगस्ट 1964, सोमालियाचा किनारा, नवं ‘डिस्कव्हरी’ जहाज, आणि त्यावर पुन्हा स्वॅलो. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू आहे. भारतीय नौदलाची ‘किस्तना’ही तिच्यात आहे. ज्या नैर्ऋत्य वाऱ्याने कोकणात पाऊस कोसळतोय तोच इथे कोरडा, धुळकट, कान बधिर करणारा आहे. पृष्ठभागालगतचा प्रवाह ताशी दहा किलोमीटरच्याही वर पळतो आणि मग किनारा सोडून शेकडो किलोमीटर व्यासाच्या प्रचंड भोवऱ्यात वळतो. वारा फिरला की हिवाळ्यात हाच प्रवाह उलटा वाहतो. याच मोहिमेच्या कामातून 1 जानेवारी 1966 रोजी आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, आणि तिचं मुख्यालय गोव्यात दोनापावलला आलं. तिथल्या डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी 1997मध्ये लक्षद्वीपजवळ हिवाळ्यात फुगणाऱ्या भोवऱ्याचं गतिशास्त्र उलगडलं. आपल्या दारातल्या पाण्यावरचं हे काम मराठी वाचकाला शाळेच्या पुस्तकात भेटत नाही, याची खंत वाटते.

1973. बर्म्युडाच्या नैर्ऋत्येला ब्रिटिश आणि अमेरिकी जहाजांचा मोठा ताफा एका चौकोनात भोवऱ्याची नाडी बघतोय. पुढे होऊन हे घडवणाऱ्यांत स्टॉमेल आहेत. ज्यांचं गणित ‘एरीज’ने मोडलं, त्यांनीच मोडणाऱ्या गोष्टीचा माग काढायला माणसं जमवली. टॉम रॉस्बी आणि डग वेब या संशोधकांचे नवे फ्लोट आता त्या आवाजाच्या थरातून बोलतात. किनाऱ्यावर बसून शेकडो किलोमीटरवरून ते ऐकता येतात. जहाजाने पाठलाग करण्याची गरज संपली. मात्र एकेक फ्लोट शेकडो किलोंचा, क्रेनशिवाय न हलणारा, कारण खोल, मंद स्वराचा आवाज काढायला मोठी नळी लागते.

1984मध्ये त्यातलेच काही एका भोवऱ्याच्या पोटात आहेत. भोवऱ्याला शॅरन असं नाव दिलंय. जिब्राल्टरमधून बाहेर पडलेलं भूमध्य समुद्राचं खारट, कोमट पाणी भिंगाच्या आकारात गोळा होऊन हजारेक मीटरवर फिरतंय, पाच-सहा दिवसांत एक फेरी. पृष्ठभागावर त्याचा मागमूस नाही. फ्लोट आत नसते तर दुसऱ्या खेपेला ते सापडलंही नसतं. दोन वर्षं ते दक्षिणेकडे सरकत जातं, सुमारे 1100 किलोमीटर, आणि वाटेत बाहेरून झिजत जातं. एका भोवऱ्याचं एवढं आयुष्य त्याआधी कुणी सोबतीने पाहिलं नव्हतं.

पुढची उडी 2001मध्ये, एडनच्या आखातात. तोवर रॉस्बींनी सगळी रचना उलटी केलीय. आवाज करायचं काम आता नांगरून ठेवलेल्या मोजक्या ध्वनिस्रोतांचं. फ्लोट नुसता ऐकतो आणि कोणता ठोका कधी आला ते लिहून ठेवतो. त्यामुळे तो हलका झालाय: काचेची नळी, माणसाच्या उंचीची, एका माणसाला उचलता येईल इतकी. तुम्ही ती दोन्ही हातांनी कवेत धरता. काच थंड, आतलं सर्किट लख्ख दिसतं. डेकच्या कडेवरून ती उभी सोडता आणि ती आवाज न करता निळ्यात उतरते.

मोहिमेच्या एक प्रमुख आहेत वूड्स होलच्या एमी बोवर. विद्यार्थिदशेपासून त्यांची दृष्टी जात गेली; संगणक त्यांना वाचून दाखवतो आणि त्या कानांनी काम करतात. बाब-एल-मांदेबमधून तांबड्या समुद्राचं पाणी इकडे येतं, दर किलोला जवळपास 40 ग्रॅम मीठ घेऊन. ते उतरतं आणि मधल्या खोलीवर पसरतं. तिथून सरळ अरबी समुद्रात जाईल अशी अपेक्षा. सुमारे 650 मीटरवर सोडलेल्या फ्लोटांच्या वाटा काढल्या, तर गोलांवर गोल. अरबी समुद्राकडून येणारे, दोन-अडीचशे किलोमीटर व्यासाचे भोवरे जवळजवळ अख्खं आखात अडवून बसलेत आणि ते खारट पाणी घुसळून काढताहेत.

आज जगभर चार हजारांच्या आसपास आर्गो फ्लोट आहेत. आपल्या बाजूचे हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडून पाण्यात जातात. ते 1000 मीटरवर थांबतात, दर दहा दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरून वर येतात आणि तापमान, क्षारता उपग्रहाला कळवतात. हवामानाच्या अंदाजाला त्यांचा आधार फार मोठा आहे. पण दहा दिवसांत भोवरा एक-दोन फेऱ्या मारून मोकळा होतो, आणि आर्गोच्या नकाशावर दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेघ येते. म्हणून खाली राहून सतत ऐकणाऱ्या त्या काचेच्या नळ्यांवरचा खर्च कुणी अनाठायी म्हटला, तर मी हटकून वाद घालते.

आता शेवटची नोंदवही उघडा, 2009ची. 1957मध्ये ‘डिस्कव्हरी टू’वर तुम्ही ज्या खोल, दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाहाच्या खुणा मांडल्या होत्या, त्याच्याच वरच्या अंगाला, लॅब्राडोरच्या पाण्यात, बोवर आणि सुसान लोझियर यांच्या गटाने 2003पासून दर काही महिन्यांनी फ्लोट सोडले, 700 आणि 1500 मीटरवर. पुस्तकांत हा प्रवाह किनाऱ्याला धरून जाणारा जाड बाण असतो. उत्तरेचं थंड पाणी त्या वाटेने विषुववृत्ताकडे निघतं. प्रत्येक नळी दोन वर्षं खाली राहिली, वर आली, साठवलेले ठोके उपग्रहाला देऊन मोकळी झाली. वाटा जोडल्या तेव्हा सुमारे 8 टक्के फ्लोटच त्या प्रवाहात टिकले होते. बाकीचे न्यूफाउंडलंडच्या ग्रँड बँक्सच्या कोपऱ्याशी किंवा त्याआधीच भोवऱ्यांत अडकून मोकळ्या समुद्रात शिरले आणि तिकडून, आडवाटांनी, विखुरले. पाणी दक्षिणेला जातं हे स्टॉमेल यांचं म्हणणं टिकलं. ते कोणत्या वाटांनी आणि किती वर्षांत जातं, याचं गणित नव्याने मांडावं लागलं. त्यासाठी 2014पासून ग्रीनलंड आणि आइसलंडच्या आसपासच्या पाण्यात असे आणखी शंभरावर फ्लोट सोडले गेले.